शिकणाऱ्यांनी घडवलेला शिक्षक : जेम्स स्टुअर्ट आणि नॉटिंगहॅम

नॉटिंगहॅमच्या शेक्सपिअर स्ट्रीटवर गॉथिक धाटणीची एक लांबलचक दगडी इमारत आहे. आज ती नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या ताब्यात असून तिला आर्कराइट बिल्डिंग म्हणतात. नोकरीनिमित्त किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी या शहरात आलेली आपली कितीतरी माणसे तिच्यासमोरून रोज जात असतील. ती १८८१ साली उभी राहिली, तेव्हा तिच्यात युनिव्हर्सिटी कॉलेज भरत असे आणि शहराचे मोफत ग्रंथालय व निसर्गेतिहासाचे संग्रहालयही तिथेच होते. या कॉलेजची पाळेमुळे मात्र ना एखाद्या धनाढ्याच्या लहरीत सापडतात ना सरकारी फर्मानात. ती सापडतात दिवसभर काम करून संध्याकाळी व्याख्यानाला येणाऱ्या माणसांच्या वर्गांत. त्या वर्गांची रीत ज्यांनी बसवली ते जेम्स स्टुअर्ट स्वतः नॉटिंगहॅमचे नव्हते, आणि त्यांच्या नावाची आठवणही आता तिथे फारशी निघत नाही.

स्टुअर्ट यांचा जन्म २ जानेवारी १८४३ रोजी स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात, मार्किंचजवळ बॅलगोनी येथे झाला. वडिलांची जवसाच्या तंतूंपासून सूत कातणारी गिरणी होती. गिरणीच्या चक्रांचा आवाज ऐकत वाढलेल्या या मुलाला गणित आणि यंत्रे या दोहोंची सारखीच गोडी लागली. सेंट अँड्र्यूज विद्यापीठातले शिक्षण आटोपून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८६६ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत तिसरे रँग्लर झाले. ‘रँग्लर’ हा शब्द मराठी माणसाला रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांमुळे घरचाच झाला आहे. त्यांनी १८९९ साली याच परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला हर्ष झाला होता. त्यांच्या तेहतीस वर्षे आधी तिसरे आलेल्या स्टुअर्ट यांना पुढच्याच वर्षी ट्रिनिटीची फेलोशिप मिळाली. ती मिळाली की जन्माची ददात मिटली, असे मानण्याचा तो काळ होता.

स्टुअर्ट यांच्या मनात वेगळेच काही घोळत होते. केंब्रिजच्या भिंतींच्या आत जे शिकवले जाते ते त्या भिंतींबाहेर का जाऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. प्राध्यापक गावोगाव फिरत आहेत आणि एकेका शहरात काही आठवडे सलग शिकवत आहेत, अशा एका फिरत्या विद्यापीठाची कल्पना त्यांनी मनाशी बाळगली होती. ती अमलात कशी आणायची हे मात्र त्या चोविशीतल्या तरुणाला ठाऊक नव्हते. ते त्यांना शिकवले त्यांच्याच विद्यार्थ्यांनी.

१८६७ साली इंग्लंडच्या उत्तर भागातील स्त्रियांच्या एका संघटनेने त्यांना बोलावले. जोसेफीन बटलर आणि अ‍ॅन क्लफ या तिच्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या. सभासद स्त्रियांपैकी बऱ्याच जणी शिक्षिका होत्या किंवा पुढे होऊ इच्छिणाऱ्या होत्या, म्हणून अध्यापनकलेवर बोलावे अशी त्यांची मागणी होती. स्टुअर्ट यांनी ती मान्य केली नाही. शिकवावे कसे यावर प्रवचन देण्यापेक्षा एखादा विषय प्रत्यक्ष शिकवून दाखवावा हे त्यांना अधिक सयुक्तिक वाटले. त्यांनी खगोलशास्त्र निवडले आणि लीड्स, शेफिल्ड, मँचेस्टर व लिव्हरपूल या चार शहरांत दर आठवड्याला फेरी धरून व्याख्यानमाला दिली.

पहिली अडचण टिपणांची आली. या स्त्रियांची बुद्धी तल्लख होती, पण कॉलेजात बसून व्याख्यान ऐकण्याची आणि त्यातले सार उतरवून घेण्याची सवय त्यांना कुणी लावलेलीच नव्हती. काही जणी शब्दन् शब्द लिहू पाहत, काहींचे कागद कोरे राहत. तेव्हा टिपण कसे असावे याचा नमुना म्हणून स्टुअर्ट यांनी व्याख्यानाची रूपरेषा छापून वाटण्यास आरंभ केला. पुढच्या काळात विद्यापीठांच्या बाहेरच्या वर्गांत सर्वत्र रुळलेल्या छापील ‘सिलॅबस’चा उगम हा असा आहे.

दुसरी अडचण संकोचाची होती. एका अविवाहित तरुण अध्यापकाने भरसभेत स्त्रियांना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उभे राहून उत्तरे द्यावीत, हे त्या काळच्या शिष्टाचारात बसणारे नव्हते. प्रश्नोत्तरांशिवाय शिकवणे म्हणजे तर विहिरीत दगड टाकून आवाज न ऐकताच निघून जाणे. स्टुअर्ट यांनी प्रश्न छापून दिले. उत्तरे घरी बसून लिहायची आणि टपालाने पाठवायची, म्हणजे पुढच्या आठवड्यात ती तपासून परत मिळतील, अशी ती व्यवस्था होती. पहिल्याच खेपेला सुमारे तीनशे उत्तरपत्रिका येऊन थडकल्या. तोंड उघडायला ज्यांना मज्जाव होता त्यांनी लेखणी उचलली होती. व्हिक्टोरियन सोवळेपणातून निर्माण झालेली ही तोड पुढे इतकी गुणकारी ठरली की सोवळे सुटल्यावरही ती टिकून राहिली. आपल्यापैकी ज्यांनी मुक्त विद्यापीठाचा किंवा दूरशिक्षणाचा एखादा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पुरा केला असेल त्यांना दर आठवड्याचा तो ‘असाइनमेंट’ आठवत असेल. त्याच्या पूर्वजांमध्ये या उत्तरपत्रिकांची गणना करायला हरकत नाही.

यानंतर स्टुअर्ट यांच्यासमोर आले ते अगदी निराळे श्रोते. क्रू हे रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेले गाव. तिथल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये कामगारांसाठी व्याख्याने होत. पण त्या काळच्या अशा संस्थांची रीत म्हणजे या आठवड्यात इजिप्तचे पिरॅमिड, पुढच्या आठवड्यात शेक्सपिअर आणि त्यापुढच्या आठवड्यात फुप्फुसांचे आरोग्य. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. स्टुअर्ट यांनी क्रूमध्ये उल्कांवर व्याख्यान दिले. नोव्हेंबर १८६६ मध्ये सिंह राशीतून होणारा उल्कांचा मोठा वर्षाव ब्रिटनच्या आकाशात दिसला होता, त्यामुळे लोकांचे कुतूहल जागे होते. ते एका व्याख्यानाने भागणारे नव्हते. हातोडा आणि बॉयलर यांच्याशी दिवसभर झुंजणारा माणूस करमणुकीपुरतेच ऐकतो, हा समज क्रूने खोटा पाडला. या माणसांना एकच विषय धरून ओळीने पुढे जायचे होते. सुटी व्याख्याने नकोत, मालिका हवी, हा आग्रह स्टुअर्ट यांनी पुढे कधीच सोडला नाही.

मला स्वतःला सर्वांत मोलाचा वाटतो तो रॉचडेलचा प्रसंग. १८४४ साली स्थापन झालेल्या रॉचडेलच्या सहकारी भांडाराचे नाव महाराष्ट्रातल्या सहकाराच्या कार्यकर्त्यांना नवे नाही. जगभरच्या सहकारी चळवळीचे ते आद्यपीठच. तिथल्या सभासद कामगारांपुढे स्टुअर्ट यांची व्याख्याने चालू होती. एकदा व्याख्यान संपल्यावर त्यांनी भिंतीवर लावलेल्या आकृत्या काढून नेण्याऐवजी पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच राहू देण्याची परवानगी मागितली. पुन्हा लावायचा त्रास वाचावा, एवढाच काय तो हेतू. पुढच्या आठवड्यात ते आले, तेव्हा सभागृहाची देखभाल करणाऱ्या गृहस्थाने त्यांना एक बातमी सांगितली. आठवडाभर सभासद त्या आकृत्यांभोवती जमत होते, आपसांत वाद घालत होते, आणि त्यांच्यापाशी प्रश्नांचा मोठा साठा झाला होता. व्याख्यात्याने थोडे लवकर येऊन त्यांच्याशी बोलावे, असे त्याने सुचवले. स्टुअर्ट लवकर आले. व्याख्यानाला जोडून चर्चेचा स्वतंत्र ‘वर्ग’ घेण्याची प्रथा त्या दिवशी सुरू झाली. लीड्सच्या स्त्रियांना बोलण्याची मुभा नव्हती म्हणून त्यांच्यासाठी कागद आला. रॉचडेलचे विणकर बोलण्यात तरबेज होते, सभा चालवणारे होते, पण संध्याकाळी घरी बसून लिहिण्याइतकी उसंत किंवा सवय अनेकांना नव्हती, त्यांच्यासाठी वाद-संवाद आला. ही सूचना करणाऱ्या त्या देखभाल करणाऱ्याचे नाव शिक्षणाच्या इतिहासात घेतले जात नाही. माझ्या मते बहिःशाल शिक्षणाचे निम्मे श्रेय त्याला द्यायला हवे.

‘बहिःशाल’ हा शब्द ओघात आलाच आहे, तर सांगून टाकतो. मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षणाच्या व्याख्यानमाला ऐकत महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतल्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या परंपरेचे मूळ स्टुअर्ट यांच्या या खटाटोपात आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली तो काळही जवळपास हाच. आणि कष्टकऱ्यांच्या शिक्षणापुरते बोलायचे तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली ती १८५५ मध्ये, म्हणजे स्टुअर्ट बारा वर्षांचे असताना. तेव्हा प्रौढांना शिकवण्याची कल्पना विलायतेहून आली असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र आपल्या व्याख्यानमालांनी व्याख्यान घेतले आणि वर्ग सोडून दिला, ही खंत बोलून दाखवावीशी वाटते. अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन आणि वेळेअभावी रद्द झालेली प्रश्नोत्तरे यांचा अनुभव आपल्या परदेशातल्या मंडळांतही येतोच.

क्रू, रॉचडेल आणि उत्तरेतल्या स्त्रिया यांचा अनुभव गाठीशी घेऊन स्टुअर्ट यांनी १८७१ मध्ये केंब्रिजमधील सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. त्याच्या जोडीला क्रू आणि रॉचडेलच्या संस्थांचे, लीड्सच्या नागरिकांचे आणि स्त्रियांच्या संघटनेचे अर्जही विद्यापीठाकडे आले. मागणी तळातून आल्याचे दिसावे, हे धोरण त्यात होते. विद्यापीठाने समिती नेमली, प्रयोगाला मान्यता दिली आणि स्टुअर्ट यांना कार्यवाह केले. आता प्रश्न उरला तो पहिल्या शहराचा.

ते शहर नॉटिंगहॅम ठरले. डर्बी आणि लेस्टर ही शेजारची दोन शहरे त्याच्या जोडीला होती. आगगाडीने तिन्ही जोडलेली असल्यामुळे एकच व्याख्याता आठवड्यात तिन्हीकडे जाऊ शके. नॉटिंगहॅम त्या वेळी लेस आणि होजिअरीच्या धंद्याचे शहर होते. प्रौढांच्या शिक्षणाचा वारसाही तिथे जुना होता. १७९८ साली विल्यम सिंगल्टन आणि सॅम्युएल फॉक्स यांनी याच उद्योगांतल्या तरुण कामकरी स्त्रियांना वाचायला शिकवण्यासाठी जी शाळा काढली, ती इंग्लंडमधली पहिली प्रौढशाळा मानली जाते. स्थानिक मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट जोरात होते. रिचर्ड एनफिल्ड आणि धर्मोपदेशक जॉन ब्राउन पेटन यांच्यासारखी खटपटी माणसे पाठीशी होती.

ऑक्टोबर १८७३ मध्ये काम सुरू झाले. विन्सेंट स्टँटन यांच्याकडे अर्थशास्त्र, बर्क्स यांच्याकडे इंग्रजी साहित्य आणि थॉमस हार्डिंग यांच्याकडे बल व गती, म्हणजे यंत्रशास्त्राचा पाया, हे विषय होते. हे हार्डिंग त्याच वर्षीचे सीनियर रँग्लर. परांजप्यांना जो मान पुढे मिळाला, तो ताजा ताजा मिळवलेला तरुण लेसच्या यंत्रांवर राबणाऱ्या गावात बल म्हणजे काय हे समजावून सांगत होता. शिकणाऱ्यांत गिरण्यांतले कारागीर होते, दुकानांतले कारकून होते, शाळामास्तर होते आणि सुखवस्तू घरांतल्या स्त्रियाही होत्या. स्त्रियांना दुपार सोयीची, तर कारकून-कामगारांना संध्याकाळ. वेळापत्रक त्या हिशेबाने आखायचे असा स्टुअर्ट यांच्या योजनेचा रोख होता.

त्यांनी आधी जे जे शिकून घेतले होते ते इथे एका साच्यात आले. प्रथम सर्वांसाठी खुले व्याख्यान. ज्यांना शंका विचारायच्या आहेत त्यांच्यासाठी व्याख्यानाला जोडून वर्ग. ज्यांना लिहिण्याची उमेद आहे त्यांच्यासाठी दर आठवड्याचे प्रश्न. आणि प्रमाणपत्र हवे असेल त्यांच्यासाठी अखेरीस परीक्षा, पण आठवड्याचे काम केले असेल तरच. प्रवेशाला परीक्षा नाही, वयाची अट नाही. कुणी नुसते ऐकून जावे, कुणी वाद घालावा, कुणी परीक्षेपर्यंत जावे. माणसाने आपल्या झोळीच्या मापाने घ्यावे आणि कमी घेणाऱ्याला कुणी कमी लेखू नये, अशी ही रचना होती. लहान मुलांना एका रांगेत बसवता येते. चाळिशीच्या माणसाचे तसे नसते, त्याला आपण कुठे थांबायचे हे स्वतः ठरवायचे असते. स्टुअर्ट यांना हे पस्तिशीच्या आत उमगले, याचे मला नेहमी नवल वाटते.

नॉटिंगहॅमच्या लोकांनी ही योजना उचलून धरली. एका दात्याने आपले नाव गुप्त ठेवून दहा हजार पौंड देऊ केले. अट अशी की या व्याख्यानांना कायमचे घर मिळावे म्हणून नगरपालिकेने इमारत बांधावी. नगरपालिकेने आव्हान स्वीकारले. १८७७ मध्ये पायाभरणी झाली, तेव्हा ग्लॅडस्टन जातीने आले होते. १८८१ मध्ये राणीचे पुत्र लिओपोल्ड यांच्या हस्ते इमारतीचे उद्‌घाटन झाले. शेक्सपिअर स्ट्रीटवरची ती इमारत हीच. एव्हाना लंडननेही हा मार्ग धरला होता आणि ऑक्सफर्डही त्यात उतरले होते.

या यशाला एक काळी कडा होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. विद्यापीठ व्याख्यात्याचा मेहनताना घेई, आणि तो स्थानिक समितीला गोळा करावा लागे. दुपारच्या वर्गातल्या स्त्रियांची फी संध्याकाळच्या कामगारांच्या वर्गाला सावरून धरी. जिथे अशी सोय नव्हती तिथे कामगारांचे वर्ग बंद पडत. नॉर्थंबरलंडच्या कोळसा खाणींतले कामगार मैलोन्‌मैल चालत व्याख्यानांना येत. १८८७ च्या संपाने त्यांचे खिसे रिकामे झाले आणि ते वर्गही संपले. बुद्धीची भूक होती, व्याख्याते होते, पद्धतही सिद्ध झालेली होती, पैसा तेवढा नव्हता. नॉटिंगहॅममध्ये निराळेच घडले. घर मिळाल्यावर व्याख्यानमालेचे कॉलेज झाले. कॉलेजला दिवसाचे तरुण विद्यार्थी हवे होते, लंडनच्या पदव्या हव्या होत्या. जवळच्या ईस्टवुडच्या खाणकामगाराचा मुलगा डी. एच. लॉरेन्स १९०६ मध्ये तिथे दाखल झाला तो शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी. त्याच्या बापाच्या वयाच्या माणसांसाठी सुरू झालेल्या उद्योगाचा मुख्य प्रवाह एव्हाना पोराबाळांकडे वळला होता.

स्टुअर्ट यांनी कार्यवाहपद लवकरच दुसऱ्याकडे सोपवले. १८७५ मध्ये ते केंब्रिजचे यंत्रशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तिथे त्यांची गाठ पडली ती उलट्या प्रकारच्या विद्यार्थ्यांशी. ही मुले समीकरणे सोडवण्यात पटाईत, पण कानस हातात धरलेली नाही. स्टुअर्ट यांनी त्यांच्यासाठी कार्यशाळा उघडली आणि त्यांना लेथसमोर उभे केले. रेल्वेच्या कामगारांना ग्रहगती सांगणारा माणूस रँग्लरांना लोखंड कापायला लावत होता. केंब्रिजच्या पंडितांना हे रुचले नाही. विद्यापीठात लोहारकाम कशाला, असा सूर निघाला. अभियांत्रिकीसाठी वेगळी ट्रायपॉस परीक्षा असावी हा प्रस्ताव १८८६ मध्ये फेटाळला गेला. अखेर त्यांनी प्राध्यापकपद सोडले. त्यांच्या जागी आलेल्या ईविंग यांच्या काळात तीच परीक्षा मान्य झाली. वेळेआधी बरोबर असण्याची शिक्षा विद्यापीठे अशीच देतात.

पुढचे आयुष्य राजकारणात गेले. १८८४ पासून ते लिबरल पक्षाचे खासदार होते. प्रथम हॅकनी, मग हॉक्स्टन आणि अखेरीस संडरलंड असे त्यांचे मतदारसंघ. जोसेफीन बटलर यांनी सांसर्गिक रोगांच्या कायद्यांविरुद्ध, म्हणजे वेश्या ठरवलेल्या स्त्रियांची सक्तीने तपासणी करणाऱ्या कायद्यांविरुद्ध, जो लढा उभारला, त्यात ते आरंभापासून होते. विषयाचे नाव काढणेही असभ्य समजले जाई, तिथे एका प्राध्यापकाने जाहीर बाजू घेणे सोपे नव्हते. ते कायदे १८८६ मध्ये रद्द झाले. स्त्रियांना मताधिकार मिळावा याचाही त्यांनी पुरस्कार केला. लंडनच्या ‘स्टार’ या सायंदैनिकाचा कारभारही काही वर्षे त्यांनी पाहिला. १८९० मध्ये त्यांनी लॉरा कोलमन यांच्याशी विवाह केला. हे घराणे आजही प्रत्येक इंग्रजी स्वयंपाकघरात असलेल्या कोलमनच्या मोहरीचे. मग स्टुअर्ट नॉरिचला स्थायिक झाले आणि सासऱ्यांच्या निधनानंतर कंपनीचे काम पाहू लागले. १९११ मध्ये त्यांनी आपल्या आठवणी खासगी वितरणापुरत्या छापल्या. लीड्सच्या उत्तरपत्रिका आणि रॉचडेलच्या आकृत्या यांची हकिकत आपल्याला कळते ती तिथूनच.

ते हयात असतानाच एक गोष्ट घडली, तिने त्यांना समाधान दिले असावे. कामगारांच्या शिक्षणासाठी १९०३ मध्ये नवी संघटना स्थापन झाली होती. तिच्यातर्फे १९०८ साली कोलकात्यात जन्मलेले तरुण अर्थशास्त्रज्ञ आर. एच. टॉनी यांनी कामगारांचे छोटे, दीर्घ मुदतीचे वर्ग सुरू केले. त्यांत व्याख्यान थोडके आणि चर्चा पुष्कळ असे. त्यांच्या पहिल्या दोन वर्गांपैकी एक रॉचडेललाच भरला.

१२ ऑक्टोबर १९१३ रोजी स्टुअर्ट यांचे नॉरिच येथे निधन झाले. सात वर्षांनी, १९२० मध्ये, नॉटिंगहॅमच्या कॉलेजने प्रौढशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला. असा विभाग जगातल्या कुठल्याही विद्यापीठात त्याआधी नव्हता. रॉबर्ट पीअर्स त्याचे प्रमुख झाले आणि पुढे या विषयाचे जगातले पहिले प्राध्यापकही. १९२८ मध्ये कॉलेज शहराबाहेरच्या हायफिल्ड्सच्या प्रशस्त आवारात गेले, आणि १९४८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठ झाले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी देण्यास आरंभ केला तोही १९४८ मध्येच. लीड्स-लिव्हरपूलच्या त्या तीनशे उत्तरपत्रिकांना तोवर ऐंशी वर्षे उलटून गेली होती.

शेक्सपिअर स्ट्रीटवरच्या इमारतीला आता कताईच्या यंत्राने इंग्लंडचे रूप पालटणाऱ्या रिचर्ड आर्कराइट यांचे नाव आहे. स्टुअर्ट यांचे नाव शोधायला नॉरिचला जावे लागते. तिथे लॉराबाईंनी पतीच्या स्मरणार्थ शहराला दिलेली एक छोटी बाग आहे. गावातली माणसे दुपारी तिथल्या बाकांवर डबा खात बसतात.